मनाईहुकुमाची कुळकथा



या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा विद्वान असतात. मी विद्वान नाही. दहावीनंतर लेथवर उभा राहिलो, आणि पुढे कामगारांच्या संघटनेचे काम अंगावर आले ते आजतागायत उतरले नाही. कायदा मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. तो मला एका चुकीने शिकविला, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्यांनी दिली. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ त्या चुकीपासूनच करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

१९९७ सालची गोष्ट. एका कारखान्यात सव्वातीनशे कामगार पगारवाढीच्या करारासाठी दरवाजाबाहेर बसले होते. एका शुक्रवारी दुपारी न्यायालयाचा बेलिफ आला आणि माझ्या हातात इंग्रजी कागद ठेवून सही घेऊन गेला. कारखान्याच्या दरवाजापासून शंभर मीटरच्या आत कोणी जमू नये, असा तो तात्पुरता मनाईहुकूम होता. आठ दिवसांनी तारीख होती. त्या दिवशी येऊन हुकूम कायम का करू नये ते सांगा, असे त्यात लिहिले होते. मी तरुण होतो आणि माझा समज असा की, तात्पुरते ते तात्पुरतेच; मोठा दावा चालेल तेव्हा आपली बाजू जोरात मांडू. त्या तारखेला मी गेलो नाही, वकीलही दिला नाही. हुकूम दाव्याच्या निकालापर्यंत कायम झाला. आम्ही दूर रस्त्यापलीकडे सरकलो, दरवाजातून मालाच्या गाड्या आणि नवी माणसे आत जाऊ लागली, आणि तीन आठवड्यांत संप मोडला. त्या दाव्याचा निकाल कधी लागलाच नाही. मालकाला त्याची गरज उरली नव्हती. काही वर्षांनी तो दावा कोणी चालवीत नाही म्हणून काढून टाकण्यात आला. कामावरून गेलेल्यांपैकी एक वयस्कर फिटर मला बाजारात भेटले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “भाऊ, ते तात्पुरतं होतं ना?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी रात्री वाचनालयात बसू लागलो. एका हाती कायद्याचे पुस्तक आणि दुसऱ्या हाती शब्दकोश. तेथे मला जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या कागदाचे मूळ इंग्लंडात आहे. तेथील सामान्य न्यायालये जुन्या काळी मुख्यतः झालेल्या नुकसानीचे पैसे देववीत. भिंत पाडली, तर भिंतीची किंमत मिळे. परंतु उद्या कोणी भिंत पाडणार असेल तर आज त्याचा हात कोण धरणार? अशा वेळी लोक राजाच्या मुख्य मंत्र्याकडे, म्हणजे चॅन्सेलरकडे धाव घेत. त्यातून चॅन्सरीचे न्यायालय उभे राहिले. त्याची पद्धत निराळी होती. तेथे ज्युरी, म्हणजे पंच नसत. न्यायाधीश एकटा बसे आणि माणसाच्या सदसद्विवेकाला हुकूम करी. ‘हे करू नकोस’ असे सांगितल्यावर जो करील तो न्यायालयाचा अपमान करतो, म्हणून त्याला थेट तुरुंगात धाडता येई. या अधिकारावरून सामान्य न्यायालयांचा मुख्य न्यायाधीश कोक आणि चॅन्सेलर एलेस्मिअर यांच्यात मोठा झगडा झाला. १६१६ साली राजा पहिला जेम्स याने निवाडा दिला तो चॅन्सरीच्या बाजूने. मनाईहुकुमाचे आसन तेव्हापासून पक्के झाले.

ही गोष्ट मूळची वाईट नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. तोडलेले झाड भरपाईने परत उगवत नाही. दावा चालावयास वर्षे लागतात, आणि तोवर वादाची वस्तूच नाहीशी झाली तर निकालाचे करावयाचे काय? तेव्हा निकाल लागेपर्यंत वस्तू आहे तशी राहू द्यावी, यासाठी तात्पुरता मनाईहुकूम जन्मास आला. तात्पुरत्या सुनावणीत न्यायाधीश सत्य ठरवीत नाही. सत्य ठरेपर्यंत कोणी कसे वागावे एवढेच ठरवितो.

आता ही सुनावणी कशी होते ते पाहू. आपल्याकडे दिवाणी न्यायालयात वादी दावा दाखल करतो आणि त्याच्याबरोबर मनाईहुकुमाचा अर्ज जोडतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत या अर्जाला बहुधा ‘निशाणी पाच’ म्हणून ओळखतात. अनेक पक्षकारांच्या तोंडी दाव्याचा क्रमांक नसतो, पण ‘निशाणी पाचचं काय झालं’ हा प्रश्न असतो. आणि त्यातच सारे मर्म आहे. या सुनावणीत साक्षीदार पिंजऱ्यात सहसा येत नाहीत, त्यांची उलटतपासणी होत नाही. दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रे आणि कागद न्यायाधीशापुढे येतात, वकील बोलतात, आणि हुकूम होतो.

न्यायाधीश तीन प्रश्न विचारतो. पहिला, वादीच्या म्हणण्यात सकृद्दर्शनी काही तथ्य आहे काय? दुसरा, हुकूम दिला तर प्रतिवादीची जी गैरसोय होईल ती, आणि न दिला तर वादीची जी होईल ती, यांत जड कोणती? तिसरा, वादीचे होणारे नुकसान पुढे पैशाने भरून निघण्याजोगे आहे काय? आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील एकोणचाळिसावा आदेश या विषयाचा आहे, आणि वरील तीन कसोट्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितल्या आहेत. घाई असेल तर दुसऱ्या बाजूला न कळविताही हुकूम देता येतो. त्याला आपण एकतर्फी हुकूम म्हणतो.

तीन प्रश्न वाजवी आहेत. मग घोटाळा कोठे होतो? तो घड्याळात होतो. हे कळण्यासाठी आपण अमेरिकेत जाऊ.

शिकागोजवळ पुलमन नावाची आगगाडीचे डबे बांधणारी कंपनी होती. तिने आपल्या कामगारांसाठी गाव वसविले होते. घर कंपनीचे आणि भाडेही कंपनीचे. १८९३ च्या मंदीनंतर कंपनीने मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी कापली, घरभाडे मात्र कापले नाही. ११ मे १८९४ रोजी कामगारांनी काम थांबविले. यूजीन डेब्ज हे अमेरिकन रेल्वे युनियनचे अध्यक्ष. त्यांच्या संघटनेने २६ जूनपासून पुलमनचे डबे लागलेल्या गाड्या न चालविण्याचे ठरविले, आणि शिकागोपासून पश्चिमेपर्यंतची वाहतूक अडली.

२ जुलै रोजी सरकारी वकिलांच्या अर्जावरून शिकागोच्या दोघा संघीय न्यायाधीशांनी, वुड्स आणि ग्रॉसकप यांनी, मनाईहुकूम दिला. टपालास अडथळा होतो आणि प्रांताप्रांतांतील व्यापार अडतो, ही कारणे. ज्या कायद्याचा आधार घेतला त्यांपैकी एक १८९० चा शर्मन कायदा होता, जो मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी केला गेला असे सामान्य माणूस समजत होता. हुकुमाची व्याप्ती पहा. रूळ उखडू नका, गाड्या जाळू नका, एवढेच त्यात नव्हते. कोणा रेल्वे नोकराचे मन वळवून त्याला काम सोडावयास सांगूही नका, असेही होते. संघटनेच्या पुढाऱ्याचे काम मन वळविण्याचेच असते! हुकूम पाळावा तर तार करता येत नाही, सभा घेता येत नाही. न पाळावा तर तुरुंग. त्यापाठोपाठ राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी फौज शिकागोत पाठविली.

पुढे काय झाले ते फार बोलके आहे. डेब्ज यांच्यावर दोन खटले झाले. एक कटाचा, फौजदारी, पंचांसमोर. तो १८९५ च्या आरंभी चालला, एक पंच आजारी पडला म्हणून थांबला, आणि सरकारने तो पुन्हा उभा केला नाही. दुसरा मनाईहुकूम मोडल्याचा, म्हणजे न्यायालयाच्या अपमानाचा. तेथे पंच नव्हते. ज्या न्यायाधीशांनी हुकूम दिला त्यांच्यापैकीच वुड्स यांनी डेब्ज यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली. २७ मे १८९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. एकाच माणसाची एकाच चळवळीतील वागणूक. पंचांसमोर गुन्हा शाबीत झाला नाही, हुकुमाच्या वाटेने मात्र तुरुंग लाभला. संपाची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर डेब्ज यांनी सांगितले की, आमचा संप फौजेने मोडला नाही, तो न्यायालयांच्या हुकुमाने मोडला.

मला येथे माझा कारखाना आठवल्यावाचून राहत नाही. संप हा दिवसांवर जगतो. कामगाराच्या घरातले पीठ संपण्याआधी तोडगा निघाला तर संप जिंकतो. मालाची ऑर्डर, साठा आणि कर्जाचा हप्ता हे मालकाचेही दिवस असतात. अशा झटापटीत एका बाजूचे हात पंधरा दिवस बांधले, तर सोळाव्या दिवशी ते सोडून काही उपयोग नसतो. न्यायाधीश म्हणतो, आहे ती स्थिती राहू द्या. परंतु संपात ‘आहे ती स्थिती’ म्हणून काही नसतेच. गाडी थांबलेली असणे हीही स्थिती आणि गाडी चालू असणे हीही स्थिती. न्यायाधीश ज्या दिवसाचे चित्र खरे मानतो त्यावर सारे ठरते.

अमेरिकेत यानंतर असे हुकूम नित्याचे झाले. बक्स स्टोव्ह नावाच्या शेगड्या बनविणाऱ्या कंपनीच्या मालावर बहिष्कार घाला, असे संघटनेच्या पत्रकात छापल्यावरून न्यायालयाने १९०७ साली मनाई केली आणि १९०८ साली सॅम्युएल गॉम्पर्स यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली. ती पुढे वरच्या न्यायालयात टिकली नाही, पण सहा वर्षे डोक्यावर टांगती राहिली. १९१४ साली क्लेटन कायदा आला आणि गॉम्पर्स यांनी त्याला कामगारांची सनद म्हणून डोक्यावर घेतले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा इतका आकुंचित अर्थ लावला की सनद कागदावरच राहिली.

शेवटी १९३२ साली सिनेटर नॉरिस आणि प्रतिनिधी ला ग्वार्डिया यांच्या नावाचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाचे दार बंद केले नाही. त्याने सुनावणी सुधारली. कामगार तंट्यात मनाईहुकूम द्यावयाचा तर उघड न्यायालयात साक्षीदार तपासले पाहिजेत आणि त्यांची उलटतपासणी झाली पाहिजे. न्यायाधीशाने आपले निष्कर्ष लिहिले पाहिजेत. न कळविता दिलेला हुकूम पाच दिवसांपेक्षा अधिक टिकू नये. हुकूम मागणाऱ्याने तारण ठेवावे, म्हणजे हुकूम चुकीचा ठरल्यास दुसऱ्याचे नुकसान भरून निघेल. आणि हुकूम मोडल्याचा आरोप आला तर पंचांसमोर चौकशी मागण्याचा हक्क असावा. कायदा अडतीस वर्षे उशिरा आला असे म्हणणे खरे. कारण डेब्ज १८९४ पासून वाट पाहत होते, आणि १९२६ साली ते वारलेही.

आता आपल्या घरी येऊ. मद्रासला १९१८ साली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील १९२० च्या झगड्यात गिरणीच्या मालकांनी वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर मद्रासच्या हायकोर्टात दावा लावला. आरोप असा की, कामगारांनी मालकाशी केलेला करार मोडावा म्हणून यांनी त्यांना चिथावणी दिली. हायकोर्टाने वाडियांना तात्पुरता मनाईहुकूम बजावला. पुढे समेट झाला, तो वाडियांनी संघटनेशी संबंध सोडावा या अटीवर. पहा, येथेही अंतिम निकालाची वेळ आली नाही. तात्पुरत्या हुकुमाच्या दडपणाखाली वाटाघाट झाली आणि पुढारी बाजूला झाला.

या प्रकरणाने देशाचे डोळे उघडले. संघटना काढणे हा हक्क की अपराध, याचे उत्तर आपल्या कायद्यात नव्हते. मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला तो आपल्या ना. म. जोशी यांनी. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे हे गृहस्थ, भारत सेवक समाजाचे सभासद, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. आवाज मोठा नसलेला, पण कागद पक्का असलेला माणूस. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच्या अठराव्या कलमाने नोंदलेल्या संघटनेला ढाल दिली. कामगार तंट्याच्या कामी कोणी नोकरीचा करार मोडावयास प्रवृत्त केले, एवढ्याच कारणावरून तिच्यावर दिवाणी दावा चालणार नाही. वाडियांना ज्या शस्त्राने जखम झाली त्याची ती ढाल होती. तथापि ढाल सर्वांगाला पुरत नाही. दरवाजा अडविला, धाकदपटशा केला, असे प्रतिज्ञापत्रावर लिहिले की मनाईहुकुमाचा मार्ग मोकळा होतो. माझ्या बाबतीत तेच लिहिले होते, आणि ते खोटे आहे हे सांगावयास मी तारखेला हजर नव्हतो.

व्यापारी जगातही याच सुनावणीवर लढाया ठरतात. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात १७९२ पासून चॅन्सरीचे न्यायालय आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांचे वाद तेथे पंचांविना चालतात. १९८५ साली रेव्हलॉन ही प्रसाधनांची कंपनी विकत घेण्यासाठी दोन गिऱ्हाइके झुंजत होती. संचालकांनी एकाशी आतून सौदा पक्का केला. दुसऱ्याने तात्पुरता मनाईहुकूम मिळविला, वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला, आणि कंपनी त्या दुसऱ्याकडे गेली. त्या सुनावणीत भागधारकांच्या हिताचा कीस काढला गेला. कंपनीत राबणारी माणसे त्या वादात पक्षकार नव्हती.

इंग्लंडमध्ये १९७५ साली शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या पेटंटवरून झालेल्या सायनामिड विरुद्ध एथिकॉन या वादात लॉर्ड डिप्लॉक यांनी सांगितले की, वादीचा पक्ष अखेर जिंकेल काय हे या टप्प्यावर तोलू नये. प्रश्न गंभीर आहे एवढे पुरे, मग सोयगैरसोय पाहावी. व्यापारात हे ठीक असेल. परंतु १९७९ साली ‘नवाला’ नावाच्या जहाजाच्या प्रकरणात, खलाशांच्या वेतनासाठी वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ते जहाज अडवू नये म्हणून मालकांनी मनाई मागितली, तेव्हा त्याच डिप्लॉक यांनी म्हटले की, जेथे तात्पुरता हुकूमच प्रत्यक्षात वादाचा शेवट करतो तेथे अखेर कोण जिंकण्याचा संभव आहे हेही तोलले पाहिजे. मालकांना मनाईहुकूम मिळाला नाही. जे मला बाजारात एका फिटरने चार शब्दांत सांगितले, तेच इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या दिवशी मान्य केले.

आपल्या देशात २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला. आरंभी तो एक कोटी आणि त्यावरच्या वादांना लागू होता. २०१८ साली ही मर्यादा तीन लाखांवर आणली. त्याच वेळी अशी अट घातली की, दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न केलाच पाहिजे. अपवाद एवढाच की, ज्याला तातडीचा तात्पुरता हुकूम हवा आहे त्याने थेट यावे. माणसाचा स्वभाव पहा! मध्यस्थी चुकविण्यासाठी तातडीचा आव आणून अर्ज येऊ लागले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थी सक्तीची आहे असे सांगितले, आणि २०२३ साली म्हटले की, तातडीची मागणी खरी आहे की मध्यस्थी टाळण्याचे सोंग आहे, हे न्यायालयाने तपासावे. नोकरीचा तंटा या कायद्यातील व्यापारी वादांच्या यादीत नाही. तरीही कारखान्याची यंत्रे कोणी न्यावी, नाममुद्रा कोणी वापरावी, माल कोणी अडवावा, हे तेथे ठरते, आणि त्यावर कामगाराची चूल पेटते किंवा विझते. म्हणून तो परका विषय नव्हे.

एवढे सांगून मी मनाईहुकुमाला नुसती नावे ठेवली असा समज होऊ नये. काही वर्षांपूर्वी एका मालकाने रात्रीतून यंत्रे हलविण्याचा घाट घातला होता. तेव्हा आमचीच संघटना औद्योगिक न्यायालयात धावली आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तात्पुरता हुकूम मिळवून तिने यंत्रे जागेवर ठेवली. देणी मिळाली ती त्यामुळे. घड्याळ त्या दिवशी आमच्या बाजूने होते. शस्त्राला जात नसते. ते कोण आधी उचलतो आणि दुसऱ्याला बोलू दिले जाते की नाही, यावर न्याय-अन्याय ठरतो.

म्हणून आपणांस, मग आपण कामगार असा, दुकानदार असा की घरमालक, चार गोष्टी सांगतो. आपल्याविरुद्ध कोणी न्यायालयात जाईल अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करा. ही सोय १९७६ च्या दुरुस्तीने आली आहे, आणि ती नव्वद दिवस टिकते. एकतर्फी हुकूम झाला तर न्यायालयाने त्याची कारणे लिहिली आहेत काय ते पहा, आणि तीस दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे संहिता सांगते, याची आठवण द्या. हुकूम मिळविताना कोणी जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर तो उठविता येतो. चुकीच्या कारणांवर हुकूम मिळविला म्हणून भरपाईही मागता येते. पण त्या कलमाखालची कमाल रक्कम पन्नास हजार आहे, आणि सव्वातीनशे घरांत ती वाटली तर घरटी दीडशे रुपये येतात. तेव्हा भरपाईच्या भरवशावर राहू नका. आणि हुकूम आवडला नाही तरी मोडू नका. मोडणाऱ्याची मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगही होऊ शकतो.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र अगदी साधी आहे. तारखेला जा. आपले प्रतिज्ञापत्र घेऊन जा. त्यात मोठे शब्द नकोत. कोणत्या दिवशी, कोठे, कोण उभे होते, दरवाजा किती रुंद, गाड्या आत गेल्या की नाही, हे लिहा. न्यायाधीशापुढे त्या दिवशी दोनच चित्रे असतात, आणि आपण न गेलो तर एकच उरते.

ते फिटर आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही, ते आज येथे देतो. नाही काका, ते तात्पुरते नव्हते. कागदावर तसे लिहिले होते, आणि मी कागदावर विश्वास ठेवून घरी बसलो. आपल्यापैकी कोणी तसे बसू नये, एवढ्यासाठीच हे व्याख्यान.